पूर्वेची खोली

आईनं भाच्याकडे खोडरबर मागितलं तेव्हा मला वाटलं, तिला एखादी भिंत सरकवायची असेल. मे महिन्याची संध्याकाळ होती. ओटीवर आलेखाचा कागद पसरून मी बसले होते. अर्धा सेंटिमीटर म्हणजे एक फूट, अशा मापानं ४० बाय ३० फुटांचं आमचं नवं घर वहीच्या पानाएवढ्या जागेत मावलं होतं. आईनं चष्मा सारखा केला, कागद स्वतःकडे वळवून घेतला, बराच वेळ पाहिला. मग पूर्वेकडच्या १० बाय १२ च्या खोलीत मी ठसठशीत अक्षरांत लिहिलेलं ‘आईची खोली’ तिनं खोडून टाकलं. सावकाश, कागद चुरगळू नये म्हणून डाव्या हाताची दोन बोटं त्यावर दाबून धरत. रबराची काळपट भुकटी पदरानं झटकली. भिंती तिथेच होत्या, खिडकी होती, दार होतं. नाव तेवढं गेलं. “का गं?” मी विचारलं. “असू दे तशीच,” ती म्हणाली आणि आठळ्या शिजल्या का बघायला आत गेली.

तेवढंच घडलं. पण पुण्याला परत येताना रात्रीच्या एसटीत आंबा घाटाची वळणं संपली तरी मला डोळा लागला नाही.

देवरुखजवळच्या आमच्या गावातलं जुनं घर आता राहण्याजोगं उरलेलं नाही. वाळवीनं छपराची भाल पोखरली आहे, माजघराच्या एका कोपऱ्यात पावसाळाभर टोप मांडून ठेवावे लागतात, आणि वाटण्या झाल्यापासून घराच्या अर्ध्या भागाला कुलूप आहे. मागच्या अंगाला पाच गुंठे आमच्या वाट्याला आले. तिथे दादानं घर बांधायचं ठरवलं. दादा, वहिनी, दोन भाचे आणि आई. मी शाळेत गणित शिकवते, चौकोनी कागद आणि पट्टी दिसली की माझा हात शिवशिवतो, हे दादाला लहानपणापासून ठाऊक. “परवानगीचा नकाशा इंजिनिअर काढेल, पण आधी घर तू काढ,” तो म्हणाला. ते ऐकून मला जो आनंद झाला तो मी लपवला नाही. ज्या घरात मी राहणार नव्हते ते माझ्या हातानं आखलं जाणार होतं.

सुट्टीचे पहिले चार दिवस मी फक्त ऊन बघितलं. सकाळी सातला, दुपारी बाराला, संध्याकाळी पाचला मागच्या जागेत उभं राहून सावली कुठे पडते ते खुणेच्या दगडांनी मांडून ठेवलं. आमच्याकडे मे महिन्यात एक दिवस असा येतो की भरदुपारी खांबाची सावली खांबाच्या पायाशीच गोळा होते. त्यानंतर जुलै संपेपर्यंत दुपारचा सूर्य उत्तरेकडून असतो. डिसेंबरात तोच दक्षिणेला इतका कलतो की दक्षिणेच्या खिडकीतून ऊन पार खोलीच्या मध्यापर्यंत येऊन बसतं. हे वर्गात मी कितीतरी वर्षं शिकवत आले. पण आईच्या पायाला थंडीत मुंग्या येतात, तिला सकाळचं कोवळं ऊन हवं, म्हणून पूर्वेची खिडकी किती खाली घ्यावी, हा हिशेब मी पहिल्यांदाच करत होते. पश्चिमेला कुणाची झोपायची खोली ठेवायची नाही, हे मात्र कुणी सांगावं लागलं नाही. वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पडणाऱ्या पावसाची झड त्याच बाजूनं येते. जुन्या घराला त्या अंगाला दरवर्षी झापं बांधायचे, तरी भाद्रपदात भिंतीला हात लावला तर ती ओल्या अंगासारखी लागायची. तिकडे मी जिना आणि लाकडाफाट्याची जागा ठेवली. शेजारचे काका येऊन देवघर ईशान्येला, स्वयंपाकघर आग्नेयेला असं सांगून गेले. ते योगायोगानं जुळतच होतं, त्यामुळे त्यावर वेळ गेला नाही.

वहिनीनं एकच गोष्ट मागितली. “ओटा माझ्या उंचीचा करा.” तिनं भिंतीला पाठ लावली, कोपर दुमडलं, आणि मला टेप धरायला सांगितला. ३५ इंच. जुन्या घरातला ओटा बाबांनी आईसाठी करून घेतला होता, तो जेमतेम ३०. म्हणजे लग्न होऊन आल्यापासूनची १७ वर्षं वहिनी वाकून भाकऱ्या थापत होती, आणि ही गोष्ट तिनं कधी बोलून दाखवली नव्हती. मला वाटलं आई काहीतरी म्हणेल. आई म्हणाली, “मला खाली बसून चिरायला एक कोपरा ठेव, बाकी सगळा तिच्या मापानं कर.” कागदावर मी ओट्याशेजारी तीन फुटांची मोकळी जागा ठेवली आणि तिथे बारीक अक्षरात ‘विळी’ असं लिहिलं. ते मात्र आईनं खोडलं नाही.

मग खोल्यांना नावं द्यायची वेळ आली. नकाशात रिकामा चौकोन चालत नाही, त्यात काहीतरी लिहावंच लागतं. दादा-वहिनीची खोली. मुलांची खोली. आईची खोली. उत्तरेला एक १० बाय १० ची उरली. “ती गेस्ट रूम कर,” दादा म्हणाला. “तू येशील, तुझी माणसं येतील, कुणीही आलं तरी अडचण नको.” त्याच्या बोलण्यात नुसती माया होती, एवढं मी ओळखते. मीच माझ्या हातानं ‘पाहुण्यांची खोली’ असं लिहिलं. लिहिताना ‘प’ची उभी रेघ जरा जास्त दाबली गेली, पेन्सिलीचं टोक मोडलं. टोक करायला म्हणून मी पडवीत गेले आणि तिथेच थोडा वेळ उभी राहिले. लग्नाला २४ वर्षं झाल्यावर या गोष्टीचं वाईट वाटायचं काही कारण नाही, असं स्वतःला सांगितलं. वाईट वाटायचं थांबलं नाही.

जुन्या घरात हा प्रश्नच नव्हता. तिथे कुठल्याच जागेला माणसाचं नाव नव्हतं. पडवी, ओटी, माजघर, स्वयंपाकघर, मागची पडवी, न्हाणी. पुढचं, मधलं, मागचं. माणसं त्यातून वेळेप्रमाणे फिरत असायची. ओटीवर सकाळी आजोबांची पूजेची फुलं निवडली जायची, दुपारी तिथेच सुपाऱ्या सोलायला बसायचे, रात्री तिथेच आम्हा मुलांच्या गोधड्या. बाबा संध्याकाळी झोपाळ्यावर, पण झोपाळा त्यांचा नव्हता, ते उठले की आम्ही चौघं त्यावर. आईची म्हणून जागा सांगायची तर मागच्या दाराचा उंबरा. तिन्हीसांजेपूर्वी ती तिथे दहा मिनिटं टेकायची, पाय परसात सोडून. केळीच्या खाचरात न्हाणीचं पाणी वाहत जाताना होणारा आवाज, ओल्या मातीचा आणि विझत आलेल्या चुलीच्या राखेचा वास, त्यात ती दहा मिनिटं. त्या वेळी तिला कुणी हाक मारायची नाही, हे न सांगता सगळ्यांना कळलेलं होतं. त्या जागेला दार नव्हतं, नाव नव्हतं, आणि ती ४० वर्षं तिचीच होती.

एकच खोली नावाची होती, आणि तिचं नाव बदलत राहायचं. माजघराच्या उजव्या हाताला एक अंधारी खोली. तिला एकच झरोका, भिंत दीड फूट जाडीची, मे महिन्यातही जमीन गार. दादाचा जन्म तिथला. तेव्हा ती बाळंतिणीची खोली होती. शेगडीतल्या निखाऱ्यांवर ओवा टाकल्याचा वास तिच्या भिंतींना कायमचा लागला आहे असं मला वाटायचं. मग घरात बाळंतपणं होईनाशी झाली, तिथे भाताच्या दोन कणग्या आल्या, आणि ती कणगीची खोली झाली. लपंडावात कणगीमागे बसलं की भाताचं कूस मानेला टोचायचं. पुढे आजी अंथरुणाला खिळली. कणग्या हलवल्या, तिथे खाट टाकली, आणि ती आजीची खोली झाली. आजी दोन वर्षं तिथे होती.

त्यानंतर नाव बदललं नाही.

आजी गेल्यावर कणग्या परत तिथे ठेवता आल्या असत्या. कुणी ठेवल्या नाहीत. “आजीच्या खोलीतून सूप आण गं,” असं म्हटलं की मी दादाला पाठवायची, दादा मला. दिवेलागण झाल्यावर त्या दाराची कडी लावून घ्यायचे. हळूहळू दिवसाही लावलेलीच राहिली. वारा नाही, वावर नाही. वाळवीनं घरात पहिलं वारूळ केलं ते तिथेच, झरोक्याखालच्या कोपऱ्यात, आणि आमच्या लक्षात आलं तोवर ती वासे धरून माजघरापर्यंत पोचली होती. हे सगळं मला एसटीत आठवत गेलं. मलकापूर मागे पडलं होतं. खिडकीच्या काचेला डोकं टेकून मी बसले होते, आणि आईनं खोडरबर कसं धरलं होतं ते डोळ्यांसमोरून जात नव्हतं.

तिच्या खोलीसाठी मी किती गोष्टी मनात धरल्या होत्या. संडास-बाथरूमचं दार सहसा अडीच फुटी ठेवतात, मी तीन फुटी काढलं. आत चाकाची खुर्ची वळू शकेल एवढी जागा सोडली. मागच्या दाराला पायऱ्यांशेजारी उतार काढला, दर फुटाला एक इंचाच्या चढाचा, जोतं दोन फूट तर उतार २४ फूट लांब. आई आज परसातून पाण्याची कळशी आणते. तिला खुर्ची लागलेली नाही. तरी मी तिची खुर्ची मोजून ठेवत होते. “एवढं रुंद दार कशाला गं बाथरूमला?” तिनं विचारलं होतं. मी म्हटलं, “हवेशीर बरं.” गणिताच्या बाईला खोटं बोलताना आकडा लागतो, माझ्याकडे नव्हता. तिनं फक्त “हं” केलं. तिला कळलं असणार. सासूची दोन वर्षं तिनंच तर काढली होती.

आणि तिचा एक प्रश्न. खोल्यांच्या मधल्या बोळावर बोट ठेवून तिनं विचारलं होतं, “यातून खाट वळेल का?” मी म्हटलं, “कशाला वळवायची? एकदा खोलीत ठेवली की झालं. पलंग आतच जोडून घेतात हल्ली.” “वळायला हवी,” ती म्हणाली. एवढंच. त्या वेळी मला तो जुन्या माणसांचा हट्ट वाटला होता. बाबा आजारी पडले ती श्रावणातली रात्र मला पुण्यात पोचल्यावर आठवली. मी तेव्हा बाळंतपणाला आलेली होते. चौघांनी बाबांना खाटेसकट उचललं, माजघरातून ओटीवर, ओटीवरून पडवीत, पडवीतून खळ्यात, थेट जीपपर्यंत. कुठेही खाट तिरकी झाली नाही, कारण जुन्या घराची दारं सगळी एका रेषेत. मागच्या दारात उभं राहिलं तर पुढच्या खळ्यातली तुळस दिसायची. बाबा त्या खेपेला बरे होऊन परत आले, त्याच दारांतून आपल्या पायांनी. माझ्या नकाशातला बोळ तीन फुटांचा होता आणि काटकोनात वळत होता. मी कंदील घेऊन बसल्यासारखी रात्री अकराला दिवा लावून बसले. साडेसहा बाय तीनची खाट कागदाची कापून घेतली, त्या बोळातून सरकवून पाहिली. अडकली. बोळ चार फुटांचा केला आणि वळणाचा कोपरा कापला, मग गेली.

त्याच रात्री दुसरी गोष्ट दिसली. इंजिनिअरला पाठवायला नकाशा शाईनं गिरवायचा म्हणून मी कागद दिव्यासमोर धरला. पेन्सिलीचं खोडलेलं लिखाण असं धरलं की दिसतं, टोकानं कागद दबलेला असतो. ‘आईची खोली’ दिसलं. आणि उत्तरेच्या चौकोनातही काहीतरी दिसलं. तिथे ‘पा’ होता, पुसट, आणि पुढची अक्षरं. तो ‘पा’ खोलवर दबलेला होता, पेन्सिल तिथेच मोडली होती. आईनं तेही खोडलं होतं. केव्हा, ते मी पाहिलं नव्हतं. मी आठळ्या खायला आत गेले तेव्हा असेल.

कागद तसाच धरून मी किती वेळ बसले होते कुणास ठाऊक. बाजूच्या इमारतीत कुणीतरी फाटक लावलं, त्या आवाजानं भानावर आले.

त्या सुट्टीतली आणखी एक रात्र सांगायला हवी. मी माजघरात आईशेजारी झोपले होते. वळवाच्या पावसानं वीज गेली होती. मध्यरात्रीनंतर कधीतरी मला तहान लागली, चाचपडत उठले आणि चौथ्या पावलाला खांबावर कपाळ आपटलं. जिथे वाढले त्या घरात. आई अंधारातच म्हणाली, “थांब, हलू नकोस.” तिची पावलं मी ऐकत राहिले. सारवलेल्या जमिनीवर अनवाणी पावलं फार हळू वाजतात, तरी मी मोजली. सहा पावलं, मग उंबऱ्याला अंगठा लागल्याचा टक, मग पाच, मग कळशीवरचं फुलपात्र उचलल्याचा आवाज. तेवढीच पावलं परत. पाण्याचा थेंब न सांडता तिनं फुलपात्र माझ्या हातात दिलं. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला आहे, एकाची तारीख घ्यायची आहे. पण त्या घरात तिला डोळ्यांची गरजच नव्हती. घर तिच्या तळपायांना पाठ होतं. आणि मी तिला ७२ व्या वर्षी नवा पाढा पाठ करायला सांगत होते, तो कसा पाठ व्हायचा याचा विचार न करता. आभाळातून खाली पाहिल्यासारखं घर मी काढलं होतं. त्या घरातलं कुणीही ते तसं कधी पाहणार नव्हतं.

परवानगी, सहीशिक्के, इंजिनिअरच्या दोन फेऱ्या, यात पावसाळा गेला. छापून आलेल्या नकाशात आमच्या खोल्या ‘बेडरूम १’ पासून ‘बेडरूम ४’ पर्यंत होत्या. कुणाचंच नाव नव्हतं, तरी मला ते बरं वाटलं नाही. तुळशीचं लग्न लागलं आणि दादाचा फोन आला, रविवारी आखणी. मी शनिवारीच गावाला गेले.

सकाळी सातला गवंडी आला. कानाला पेन्सिल, पिशवीत दोरीची गुंडी, ओळंबा, गुण्या आणि फक्कीची गोणी. त्यानं पहिली खुंटी आईच्या हातून ठोकवली. मग काटकोन काढायला दोरी एका अंगाला तीन फूट, दुसऱ्या अंगाला चार फूट धरली आणि दोन टोकांमध्ये पाच फूट भरेपर्यंत दादाला मागेपुढे सरकवलं. बौधायनाच्या शुल्बसूत्रात कर्णाचा हाच नियम आहे, वेदी आखण्यासाठीच सांगितलेला. दरवर्षी मी तो फळ्यावर लिहिते. ओल्या गवतावर, दव पडलेल्या दोरीत तो पहिल्यांदा पाहिला आणि अंगावर काटा आला. आठ वाजेपर्यंत पांढऱ्या रेघांचं घर जमिनीवर उतरलं. ते पाहून वहिनीचा चेहरा पडला. “एवढंसंच?” १६ फुटांची बैठकीची खोली खरंच खोपटाएवढी दिसत होती. गवंडी म्हणाला, “वहिनी, आखणीत घर लहानच दिसतं. भिंती आल्या की वाढतं. घाबरू नका.”

भाचे भिंतींवरून उड्या मारत या खोलीतून त्या खोलीत पळत होते. आई पुढे आली. फक्कीच्या रेघेत दारासाठी जिथे जागा सोडली होती तिथे थांबली, चपला बाहेर काढल्या, आणि उजवं पाऊल आत टाकलं. गवतावर दव होतं. ती बैठकीच्या खोलीतून बोळात गेली, भिंतीवरून पाय न टाकता, बोळातल्या कापलेल्या कोपऱ्याशी क्षणभर थांबली आणि तिथे हातानं रुंदी मोजल्यासारखं केलं. मग पूर्वेच्या खोलीत जाऊन खाट जिथे यायची तिथे उभी राहिली. ऊन तोवर तिच्या कमरेपर्यंत आलं होतं. तिनं डोळे मिटले. हात किंचित पुढे धरून चालू लागली. मी जागच्या जागी मोजत होते. एक, दोन, तीन. सातव्या पावलाला तिचा तळवा फक्कीत पडला. तिनं डोळे उघडले, पायाच्या पांढऱ्या बोटांकडे पाहिलं. “बाथरूमचं दार फूटभर इकडे घ्याल का हो?” तिनं गवंड्याला विचारलं. त्यानं नकाशा पाहिला, माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यानं खुंटी उपटली, फूटभर सरकवून ठोकली, जुनी रेघ पायानं पुसली.

सिमेंटच्या पिशवीचा फाटका तुकडा गुडघ्यावर धरून तो मापं लिहीत होता. “काकी, ही खोली कुणाची लिहू?”

“पूर्वेची,” आई म्हणाली.

“आणि ती?” त्यानं पेन्सिलीनं उत्तरेकडे दाखवलं.

“ती मागची.”

त्यानं तसं लिहून घेतलं. आई पुन्हा खाटेच्या जागी गेली, डोळे मिटून परत चालली. या वेळी दार बरोबर सापडलं. “आठ,” ती स्वतःशी म्हणाली. मग वळून माझ्याकडे आली, मनगट धरून मला मागच्या खोलीत नेऊन उभं केलं. “आता तू इथून चाल,” म्हणाली. “चपला काढ आधी.”

मी चपला काढल्या आणि डोळे मिटले.